बाशाला विचारून सांगतो

इमारतीला मजले अकरा होते. परवाना पाचांचा होता. तळाला एक फरशीचं दुकान, एक बंद गाळा आणि जिन्याखाली दरवानाची खोली. वरच्या दहा मजल्यांवर चाळीस घरं, त्यांतल्या सदतीस घरांत माणसं. गच्चीवर निळ्या टाक्या बावीस, कबुतरांची खुराडी तीन. लिफ्ट एक; ती सहाव्या मजल्यावर भिंतीला घासायची. नग्वा सिधोमने गच्चीच्या कठड्यावरून ओळंबा सोडला, तेव्हा खाली गल्लीत दोरी आणि भिंत यांच्यामध्ये एकतीस सेंटिमीटरची फट राहिली.

"एकतीस," वहबाने आकडा तळहातावर लिहून घेतला. आकडा वाचून आपल्याला काहीतरी होईल असं त्याला वाटलं होतं. काही झालं नाही. एक बाई कोबी घेऊन दोरीखालून वाकून निघून गेली.

वहबाची सगळी नोकरी इस्कंदरिया शहरातल्या ट्रामवर तिकिटं फाडण्यात गेली होती. नग्वा वॉर्ड कचेरीत बांधकाम परवाने तपासायची. एका नकाशावर सही करायला तिने नकार दिला आणि नोकरी गेली. आता ती घरांच्या भानगडी खाजगीत सोडवायची आणि वहबा टेपचं दुसरं टोक धरायचा.

सकाळी बसीमा आली होती. काळा रुमाल बांधलेली, पन्नाशीची.

"माझा भाऊ शहाता काहूल आहे," ती म्हणाली. भाऊ शिंपी आहे असं सांगावं, तशी.

इस्कंदरियात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. परवान्यावर एखाद्या गरिबाचं नाव घालायचं आणि वर हवे तितके मजले चढवायचे. पोलीस आले की गरीब आत जातो, खरा मालक नामानिराळा राहतो. तो नावाचा गरीब म्हणजे काहूल.

"इमारतीचा दरवान आहे तो. जामिनावर सुटलाय. न्यायाधीश म्हणतात, काहूल ठरला तर एक वर्ष, मालक ठरला तर सात. पण ते एक वर्ष तरी त्याने का भोगायचं? बाशाने भोगावं! त्या बाशाला शोधून द्या, इंजिनिअरबाई."

"बाशा कोण?"

"मालक. सगळे बाशाच म्हणतात. पाहिलेला कुणी नाही."

"आणि घरं रिकामी करायची नोटीस?"

"तयार आहे म्हणे. पण ती मालकाच्या हातात द्यावी लागते. शहाता घेत नाही. मी मालकच नाही तर कशी घेऊ, म्हणतो. खरंच आहे ना?"

"तुम्ही तिथेच राहता?"

"राहत होते, आठव्यावर. थंडीच्या आधी शहाताने मला पलीकडच्या गल्लीत तळमजल्यावर हलवलं. म्हणाला, आठव्यावर ओल आहे, तुझे गुडघे धरतील. खरं तर ओल त्या तळमजल्यावरच जास्त आहे." तिने गुडघा चोळला. "तुमच्याकडे येऊ नको म्हणाला होता. घाबरतो बिचारा."

वहबाला शहाताची कीव आली. बऱ्याच दिवसांत त्याला कशाचं काही वाटलं नव्हतं, म्हणून ही कीव त्याने जपून ठेवली.

ओळंबा गुंडाळून ते फरशीच्या दुकानात गेले. हाजी मितवल्ली काउंटरपाशी ऊन खात बसला होता. त्याच्या खुर्चीच्या एका पायाखाली फरशीचा तुकडा होता.

"इमारत कलतेय, हाजी," नग्वा म्हणाली.

"कलतेय तर कलतेय. मीही कलतोय, वय झालं. चहा घ्या. अरे शहाता!"

शहाता चहा घेऊन आला. पायघोळ खाकी गलाबियातला, मान खाली घातलेला सडपातळ माणूस. पेले ठेवले आणि गेला.

"फरशी तुम्हीच पुरवली?"

"सगळी. पाचव्यापर्यंत जाड, वर पातळ. बाशाचा हुकूम."

"बाशा आला होता?"

"कधीच नाही. शहाता यायचा. बाशाला विचारून सांगतो, बाशाला विचारून सांगतो! पण भावात मात्र कधी विचारायला गेला नाही. मी पेटीमागे दोन पौंड वाढवले, तर इथेच उभा राहून दुपारपर्यंत भांडला. मी म्हटलं, अरे गाढवा, पैसा काय तुझ्या बापाचा आहे? तेव्हा कुठे गप्प बसला. दोन पौंड मात्र सोडले नाहीत."

"इमानी नोकर," वहबा म्हणाला.

"इमानी! माझी तीन मुलं आहेत, एकही असा निघाला नाही."

चौथ्या मजल्यावर उस्ताद लबीब राहायचा. घरं विकतानाचे करारनामे त्याने लिहिले होते. दार उघडताना त्याच्या बाहीला कबुतराचं पीस चिकटलेलं होतं. टेबलावरचं संत्रं घरंगळू नये म्हणून त्याने टेकू म्हणून चष्म्याचं घर ठेवलं होतं.

"बाशाला मी भेटलेलो नाही," तो आधीच म्हणाला. "पहिल्या मजल्याचे पैसे आले, त्यातून दुसरा चढला. दुसऱ्याच्या पैशातून तिसरा. गिऱ्हाईक शहाता आणायचा."

"कबुतरं तुमचीच ना? रोज गच्चीवर जाता. मग वरचं घर का नाही घेतलं? तिथून समुद्र दिसतो."

"मला अकरावाच हवा होता. शहाताच म्हणाला, उस्ताद, तुम्ही फुकटात लिहून देता, तुमचं वाईट कसं चिंतू? चौथा घ्या. लिफ्टचा भरवसा नाही म्हणाला."

जिना चढताना वहबा तिच्या कानाशी लागला. "हाच बाशा! परवाना पाचांचा, म्हणजे पाचव्यापर्यंत पाडायचं नाही. याचं घर बरोबर वाचतंय."

"वाचतंय खरं," नग्वा म्हणाली. "काका, मागच्या वर्षीचा तो काहूल आठवतो?"

"तो खेड्यातला? त्याला तर इमारत कुठल्या रस्त्यावर आहे तेही माहीत नव्हतं. न्यायालयातही रस्ता चुकला होता."

"हं," ती म्हणाली.

अकराव्यावर इस्मतबाई होत्या. इथे पूर्वी त्यांच्या वडिलांचा बंगला होता आणि शहाता त्या बंगल्याचा माळी. भावंडं परदेशी विखुरली, एकेकाने आपला हिस्सा विकला. शेवटचा हिस्सा बाईंनी दिला आणि बदल्यात हे घर घेतलं. फ्रीजखाली घडी घातलेला पुठ्ठा होता.

"आधी एक घडी होती, आता चार आहेत," कपाट आवरल्याचं सांगावं तशा सुरात त्या म्हणाल्या.

"हिस्सा कुणाला विकलात?"

"बाशाला. म्हणजे सही शहाताने केली, काहूल म्हणून. शहाता माझ्यासमोर लहानाचा मोठा झाला, तो काय बंगले विकत घेणार?"

"घर बांधताना तुम्ही काही बदल सांगितला होता?"

"स्वयंपाकघराची खिडकी समुद्राकडे हवी होती. शहाताने भिंतीला हात लावून पाहिला आणि म्हणाला, इथे खांब आहे बाई, दोन हात डावीकडे घेऊ. दुसऱ्या दिवशी गवंड्यांनी फोडली."

"बाशाला न विचारता?"

बाईंनी चहाचा पेला खाली ठेवला. चहाची रेघ पेल्यात एका बाजूला वर आली. "तेव्हा नाही विचारलं त्याने," त्या म्हणाल्या. "खरंच की."

दुपारी नग्वाने सगळ्यांना खाली जिन्यापाशी बोलावलं. हाजी स्वतःची खुर्ची घेऊन आला. बसीमा पायरीवर बसली. शहाता ट्रे घेऊन भिंतीला टेकून उभा राहिला. वॉर्ड कचेरीचा एक कारकून नोटीस घेऊन दारात थांबला होता. त्याला जेवायला जायचं होतं.

"बाशाला कुणी पाहिलं नाही," नग्वा म्हणाली. "हाजींनी नाही, उस्तादांनी नाही, बाईंनीही नाही. प्रत्येकाला दिसला तो शहाताच. काहूल मी खूप पाहिलेत. त्याला सहीपुरता आणतात आणि लांब ठेवतात. धाड पडली की पहिलं बोट ज्याच्याकडे जाणार, त्याला कुणी दारात बसवून ठेवत नाही. हे काहूल मात्र इथेच राहतात, आणि अकराव्या मजल्यावरचा खांब त्यांना हात लावून सापडतो."

"जुना नोकर आहे तो," हाजी म्हणाला.

"नोकराने दोन पौंडांसाठी दुपारपर्यंत भांडावं? आणि दुसऱ्याच्या इमारतीत भिंत फोडायचं स्वतःच ठरवावं? लहानसहान गोष्टीत बाशाला विचारायचं होतं, पैशात आणि भिंतीत नाही."

"पण वाचलं ते लबीबचं घर," वहबा पुटपुटला.

"वाचवलं कुणी, काका? उस्तादांना अकरावा हवा होता. कोणते मजले कायद्याने टिकतील हे ज्याला माहीत होतं, त्याने त्यांना चौथा दिला. पातळ फरशी कुठून सुरू करायची हेही त्यालाच माहीत होतं. स्वतःचा पैसा फारसा लागलाच नाही. एका मजल्याच्या पैशात पुढचा मजला. लागले ते फक्त वाटण्या झालेल्या बंगल्याचे हिस्से, आणि ते कधी, कुणाचे, किती स्वस्तात मिळतील हे माळ्याइतकं कुणाला कळणार?"

ट्रेमधला एक पेला हळूच सरकला. शहाताने तो अंगठ्याने थोपवला.

"आपल्या गावात कागदावरचं नाव खरं असतं असं कुणी मानत नाही," नग्वा म्हणाली. "म्हणून शहाता त्या नावामागेच लपले. बाशा नाहीच. परवान्यावर नाव आहे शहाताचं आणि मालकही शहाताच."

हाजीने दाढी खाजवली. वहबाने सकाळपासून जपलेली कीव शोधली. तिच्या जागी काहीच नव्हतं. काखेत कळसा होता आणि सगळ्यांनी मिळून गावाला वळसा घातला होता.

"मी कुणाशी खोटं बोललो नाही," शहाता शेवटी म्हणाला. आवाज नेहमीचाच, चहा हवा का विचारणारा. "मी नाव सांगायचो. लोक हसायचे आणि विचारायचे, खरा मालक कोण? हजारदा विचारलं, तेव्हा म्हटलं, बाशा."

"शेवटचा पुरावा माझ्याकडे नाही," नग्वा म्हणाली. "तो बसीमाबाईंकडे आहे."

बसीमा भावाकडे बघत होती.

"शहाता," तिने विचारलं, "आठव्यावर ओल होती का रे?"

कारकुनाने घड्याळ पाहिलं. लिफ्ट सहाव्यावर घासली आणि खाली आली. तिच्यातून एक माणूस दोन मुलं घेऊन उतरला, सलाम घालून बाहेर पडला.

"नव्हती," शहाता म्हणाला.

"मग बाकीच्यांना का नाही सांगितलंस?"

त्याने ट्रे पायरीवर ठेवला, हात गलाबियाला पुसले आणि कारकुनासमोर हात पसरला. नोटीस घेतली. सही कुठे करायची ते विचारलं. सही स्वच्छ होती, सरावाची.

घरं रिकामी व्हायला आठवडा गेला. शेवटी इस्मतबाई उतरल्या, फ्रीज तिथेच सोडून. बसीमाने पोलीस गाडीपर्यंत भावाचा डबा नेऊन दिला आणि परत आली. लबीबने कबुतरं सोडून दिली; ती संध्याकाळी पुन्हा गच्चीवर येऊन बसली.

मग नग्वाने कठड्यावरून ओळंबा सोडला आणि वहबाने खाली गल्लीत टेप लावली.

चौतीस सेंटिमीटर.