दलदलीत ओ द्यायची नसते

तेदरेच्या थांब्यावर बस बटण दाबलं तरच थांबते. लाल बटण माझ्या बोटापासून वीतभर लांब होतं, आणि माझं बोट गेली दोन मिनिटं हवेतच होतं.

"उतरायचंय," मागून आवाज आला, "की बटणाला नुसतं घाबरवायचंय?"

मी वळण्याआधीच माझ्या खांद्यावरून एक हात आला आणि त्याने बटण दाबलं. नखाखाली लाकडाचा भुसा होता. बस थांबली. उतरणारे आम्ही दोघंच.

त्याचं नाव तार्मो. दलदलीवरून जाणाऱ्या फळ्यांच्या वाटेची डागडुजी तो करायचा. खांद्यावर हत्यारांची पिशवी, हातात लांब काठी. मी केर्तू. बसने जाता येईल अशा सोप्या वाटांची पुस्तिका मी तयार करत होते. थांब्यापासून किती अंतर, चालायला किती वेळ, वाटेत बाकं किती... सगळं घड्याळ लावून, मोजून. अकरा वाटा झाल्या होत्या. बारावी तेदरेची. ती मी मुद्दामच शेवटी ठेवली होती.

"चार किलोमीटर आठशे मीटर," तो म्हणाला. "आमच्या शाळेतली पोरं नाचत जातात."

"मला पाणी आवडत नाही," मी म्हणाले.

हे अर्धंच खरं होतं. मी नऊ वर्षांची असताना एल्मारआजोबा क्रॅनबेरी वेचायला दलदलीत गेले. ही दलदल नव्हे, दुसरी. संध्याकाळभर आम्ही काठावरून हाका मारल्या. ओ आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते सापडले, रस्त्यापासून दोनशे मीटरवर. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. माझ्या मनात मात्र एवढंच राहिलं, की हाक मारली आणि ओ आली नाही. हे मी कोणाला सांगत नसे. एस्टोनियात राहून दलदलीला घाबरणं म्हणजे कोळ्याच्या पोरीने माशाला घाबरणं.

पहिल्या शनिवारी मी चारशे मीटर गेले. दोन फळ्या रुंदीची वाट, दोन्हीकडे काळं पाणी आणि त्यावर तरंगणारं लालसर शेवाळ. तार्मो पुढे, काठीने प्रत्येक फळी ठोकत.

"असा आवाज आला की फळी चांगली. असा आला की कुजकी. तुम्ही नुसतं ऐका, खाली बघू नका."

"मग कुठे बघू?"

"माझ्या पाठीकडे बघा. तेवढी वाईट नाहीये."

मी हसले... आणि त्याच क्षणी पायाखालची फळी डगमगली. मी परत फिरले.

"पुस्तिकेत काय लिहिणार?" तो मागून ओरडला. "सोपी वाट, चारशे मीटर?"

दुसऱ्या शनिवारी नऊशे मीटर. तिसऱ्या शनिवारी सोळाशे. घरी मी ऑफिसचं काम म्हणून सांगायचे. ऑफिसात कोणी विचारलंच नाही. तार्मोच्या पिशवीत आता चॉकलेटात बुडवलेल्या दह्याच्या वड्या दोन असत. एकदा माझ्या ओठाला चॉकलेट लागलं. त्याने ते पाहिलं, आणि नंतरच्या तीन फळ्या ठोकायला विसरला.

"दलदलीत वाटेबाहेर पडायची वेळ आलीच," तो मला शिकवायचा, "तर बुटके पाइन असतात तिथे पाय ठेवायचा. हिरवंगार, मऊ दिसतं तिथे कधीच नाही."

"मी कशाला पडतेय वाटेबाहेर!"

चौथ्या शनिवारी आम्ही लाकडी मनोऱ्यापर्यंत पोचलो. बरोबर निम्मी वाट. तिथे त्याने आजीच्या जागेबद्दल सांगितलं. दलदलीत कुठेतरी क्रॅनबेरीची एक जागा होती. चार पावलांत बादली भरेल अशी, आणि ऐंशी वर्षं घराबाहेरच्या कोणालाही न सापडलेली. मरताना आजीने घर त्याच्या आईला दिलं आणि जागा तार्मोला.

"आई अजून रुसलेली आहे."

"कुठे आहे जागा?"

"वा! गावातल्या साल्मेकाकू अकरा वर्षं माझ्या मागावर आहेत, त्यांना नाही सांगितलं. आणि बसमध्ये भेटलेल्या मुलीला सांगू?"

"बायको झाली तर तिला सांगाल?"

प्रश्न तोंडातून निसटला. कान तापले. तो काठीच्या टोकाकडे बघत राहिला.

"आजोबांना आजीनं लग्नानंतर एकवीस वर्षांनी दाखवली," तो म्हणाला. "तुम्ही... घाईत आहात का?"

पाचवा शनिवार ऑक्टोबरमधला. बसमध्ये साल्मेकाकूही होत्या. सत्तरीच्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, मांडीवर रिकामी बादली. उतरताना तार्मो मला घाईने पुढे घेऊन गेला. मनोऱ्यापाशी त्याने हत्यारांची पिशवी माझ्या पायाशी ठेवली आणि बुटांवर रुंद प्लास्टिकचे चपटे तळवे बांधले, शेवाळात बुडू नये म्हणून.

"तुम्हाला ओंजळभर आणतो. दहा मिनिटं. इथून हलू नका, आणि मी कुठल्या बाजूला गेलो ते बघू नका."

मी डोळे मिटले. घड्याळात दोन वाजून सात मिनिटं झाली होती. डोळे उघडले तेव्हा तो नव्हता.

सव्वादोनला धुकं आलं. ते पसरत आलं नाही. होतं ते एकेक करून पुसत आलं. आधी लांबचे पाइन गेले, मग तळी, मग मनोऱ्याचा माथा. वर कुठेतरी दक्षिणेकडे निघालेले क्रौंच ओरडत होते, तेही दिसेनात. दोन वीसला मी फोन लावला. तो माझ्याच पायाशी, पिशवीत वाजला.

फळ्या वाजल्या. धुक्यातून आधी बादली आली, मग साल्मेकाकू.

"एकटीच? तार्मो कुठाय?"

"आत गेलाय. दहा मिनिटं म्हणाला होता."

"कुठल्या बाजूनं?" काकूंचे डोळे चमकले.

"मी बघितलं नाही." मी तोंडाभोवती हात धरले. "तार्मो!"

काहीच नाही. धुक्याने आवाज गिळून टाकला. मी पुन्हा हाक मारली. पुन्हा. दोन तीस. दोन चाळीस.

"मार, अजून मार," काकू बाकावर बसून थर्मासमधली कॉफी ओतत म्हणाल्या. कान मात्र टवकारलेले.

"बचाव पथकाला फोन करते."

"अर्ध्या तासासाठी? अगं, गाव वर्षभर हसेल. तेदरेची माणसं तेदरेत हरवत नाहीत. फार तर बस चुकेल."

शेवटची बस चार वीसला. परतीची वाट पाऊण तासाची. मनात हिशेब चालू होता. दोनशे मीटर. आजोबा दोनशे मीटरवर होते. तेव्हा कोणीतरी काठ सोडून आत गेलं असतं तर?

माझी आजी म्हणायची, दलदलीने चकवा दिला तर अंगातला कोट उलटा घालायचा. मी कोट काढला आणि उलटा करून घातला. अस्तर लालभडक होतं. मग मी फळीवरून पाय खाली ठेवला.

"ए पोरी!" काकूंचा कप निसटला. "वेडी आहेस का?"

शेवाळ श्वास घेतल्यासारखं खाली गेलं आणि थांबलं. पाइन. पुढचा पाइन. मी मोजत होते: सात, आठ, नऊ. मागे वळून पाहिलं तर फळी नव्हती, मनोरा नव्हता, काकू नव्हत्या. झुडपांच्या उग्र वासाने डोकं जड झालं. बाराव्या पावलाला पाइन दिसला नाही, नुसतं हिरवंगार दिसलं, आणि मला ते कळेपर्यंत उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला होता. पाणी इतकं गार होतं की मी ओरडूही शकले नाही. मी एका खुरट्या फांदीला मिठी मारली.

"तार्मो! माझ्या आजोबांनी पण ओ दिली नव्हती! संध्याकाळभर हाका मारल्या आम्ही... ते मेले होते! तू पण मेलायस का?"

एक क्षण गेला. सगळ्या आयुष्यात तेवढा लांब क्षण मी पाहिलेला नाही.

"ओ!"

अगदी जवळून. तीस पावलंही नसतील.

"ओ, केर्तू! आहे मी! हलू नकोस, आलो!"

तो धुक्यातून बाहेर आला तो जवळजवळ पळतच. काठी माझ्यापुढे आडवी टाकली, काखेत हात घातले आणि मला ओढून काढलं. उजवा बूट आतच राहिला. मी त्याला दोन्ही मुठींनी मारलं. मग त्याच मुठींनी त्याचं जाकीट घट्ट धरलं.

"ऐकू येत होतं तुला!"

"पहिल्या हाकेपासून," तो पांढराफटक पडला होता. "काकूंचा आवाज आला म्हणून गप्प बसलो. बेरीच्या जागेवरून ओ द्यायची नसते, लहानपणापासून तेच शिकलोय. कोणी हाक मारली की खाली बसायचं. मला वाटलं, तू मजा करतेयस... आजोबांचं मला माहीत नव्हतं, गं. देवाशप्पथ माहीत नव्हतं."

"मी सांगितलंच नव्हतं," मी म्हणाले, आणि मग रडले.

त्याने माझा ओला पाय स्वतःच्या मफलरने पुसला, बोटं एकेक करून. तेव्हा मी खाली पाहिलं. त्याच्या मागे शेवाळ लाल झालं होतं. माणिक सांडावेत तशा क्रॅनबेरी, पावलापावलावर.

"ही ती जागा?"

"होती," तो म्हणाला.

कारण फळ्यांवरून साल्मेकाकूंचा खणखणीत आवाज येत होता: "मनोऱ्यापासून उजवीकडे, दोन वाकड्या पाइनच्या मधून आली ओ! अकरा वर्षं मला जमलं नाही, ते तुझ्या पोरीनं एका किंकाळीत केलं, तार्मो!"

"ऐंशी वर्षं कोणाला सापडली नव्हती," मी कुजबुजले. "तू... एवढ्यासाठी ओ दिलीस?"

"आजोबांना एकवीस वर्षं लागली," तो म्हणाला. माझ्या कोटाचं उलटं बटण तो उलटंच लावायचा प्रयत्न करत होता, आणि ते लागत नव्हतं. "तुला पाच शनिवार. आता मला सांग, घाईत कोण आहे?"

मी त्याचा हात धरून बटणावरून बाजूला केला. सोडला मात्र नाही.

चार वीसची बस आम्ही पकडली. मी एका बुटात, त्याच्या पाठीवर. ती पाठ खरंच तेवढी वाईट नव्हती. काकू पुढच्या सीटवर भरलेली बादली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. उतरताना त्यांनी दोन मुठी क्रॅनबेरी माझ्या उलट्या खिशात टाकल्या.

उरलेली अर्धी वाट मी पुढच्या शनिवारी चालले, तार्मोच्या पुढे, फळ्या स्वतः ठोकत. पुस्तिकेत बारावी नोंद अशी आहे: तेदरे. अंतर चार किलोमीटर आठशे मीटर. वेळ एक तास पस्तीस मिनिटं. बाकं तीन. वाट सोपी आहे. कोणी हाक मारली तर कृपया ओ द्यावी.