सुलाच्या बाजूची खिडकी

नाशिकच्या तांबट आळीतली घरं एकमेकांना इतकी बिलगून, की एका घरात उचकी लागली तर दुसऱ्या घरातून पाणी यायचं. मालनबाई आणि शेजारच्या सुलाबाई, दोघींच्या माडीवरच्या स्वयंपाकघरांत एकच भिंत होती आणि तिच्यात हातभर खिडकी. विरजण, मीठ, सासवांच्या कागाळ्या, सगळं तिथूनच जायचं. वाटी मात्र रिकामी परत यायची नाही. तळाशी चिमूटभर साखर असायचीच.

एकोणऐंशी साली शेजारी वाटण्या झाल्या आणि घर पाडलं. सुला गंगापूर रोडला लेकाच्या नव्या ब्लॉकमध्ये गेली, ती दिवाळीआधी वारलीच. खिडकीपलीकडे आता माडीच्या उंचीवर नुसती हवा.

होळीनंतर एका तिन्हीसांजेला तिथून आवाज आला, "मालन, विरजण दे गं."

मालनबाईंनी सवयीने वाटी ठेवली. मग आठवलं, दिवेलागणीला विरजण कुणी मागत नाही, देत नाही. सुला तर असल्या बाबतीत भारी कडक. सकाळी वाटी घासलेली, तळाशी साखर. मुंग्यांनाही ती खरी वाटली.

मग रोजच. बोलणं तेवढंच एक. पण विधवा बाईचा अख्खा दिवस त्याच्यावर निघायचा.

पावसाआधी मुलाने खिडकी बुजवायला गवंडी लावला. फकिरा आतून विटा रचत गेला. दिवेलागण व्हायला आली, एका विटेची जागा उरली.

"एवढी राहू दे रे," मालनबाई म्हणाल्या.

"पाणी येईल, बाई. हवाच पायजे तर लेकाला म्हणा, पंखा आण."

"जा, खाली सूनबाईकडे चहा घे आधी."

तो गेला. मालनबाईंनी फटीतून कोपरापर्यंत हात घातला.

"सुला, मला घे ना गं तिकडे. इथं माझ्याशी बोलायला कुणी नाही."

पलीकडून बोटांत बोटं गुंतली. ओळखीची, सांध्यांशी जाड झालेली.

क्षणभर घट्ट.

मग त्या हाताने त्यांचा हात हळूच मागे सारला. लहान मुलाचा सारावा तसा.

"अगं सुला, नको ना..."

फकिरा वर आला तेव्हा फट बुजलेली होती. त्याची वीट घमेल्याशेजारी तशीच पडली होती.

"ही पातळ वीट कुठून काढली, बाई? असल्या आता मिळत नाहीत." त्याने सांध्यावरून बोट फिरवलं. "आन् सिमेंटचा माल पलीकडून दाबलाय. कुनी?"

मालनबाई त्या विटेजवळ गेल्या. तळवा टेकवून उभ्या राहिल्या. बाकीच्या विटा ओल्या, गार. ही मात्र चुलीमागच्या भिंतीसारखी ऊन लागत होती.