सेबल शिखरामागचा कोरा कोपरा

चांदीच्या खाणींच्या त्या मुलखाचा खरा नकाशा काढायचा, एवढ्यासाठी ओटिली आणि तिचा नवरा लेम्युएल हॅस्केट उन्हाळाभर कोलोरॅडोचे डोंगर पालथे घालत होते. जुना नकाशा खाणमालकांनी शेअर खपवायला रंगवलेला. त्यात सेबल शिखरामागे सोपी खिंड दाखवली होती. तिच्या भरवशावर गेल्या हिवाळ्यात डाकवाला एझ्रा निघाला, तो थेट कड्याखाली सापडला.

आता तेवढाच कोपरा उरला होता. पण चांदीचा भाव कोसळून खाणी धडाधड बंद पडत होत्या, नकाशाला गिऱ्हाईक उरेल की नाही कोण जाणे, आणि बर्फही तोंडावर आलं होतं. लेम्युएलला चैन पडत नव्हतं.

दोघं सेबलच्या माथ्यावर पोचले, तेव्हा पश्चिमेकडून काळेभोर ढग चढत होते. त्याने तिवई रोवली, नकाशाची फळी बसवली, पितळी दुर्बीण डोळ्याला लावली. पलीकडचं खोरं धुक्यात बुडालेलं!

"हटेल आता," तो म्हणाला.

"ढगांना विचारलंस?"

तेवढ्यात दुर्बीण गुणगुणू लागली. माशी घोंघावावी तशी! ओटिलीच्या मानेवरचे केस ताठ झाले.

"लेम, सोड ते पितळ! वीज उतरतेय!"

"थांब गं, आत्ता दिसेल खिंड..."

"आत्ता स्वर्ग दिसेल! पळ!"

तिने फळीवरचा कागद ओरबाडून कोटात कोंबला, नवऱ्याची कॉलर धरली आणि दोघं सुट्या दगडांच्या उतारावरून घसरत सुटले. गुडघे सोलवटले. टोपी उडाली. आणि आभाळ फाटून वीज कोसळली! मागे वळून पाहतात तो तिवईच्या जागी धूर आणि जळक्या लाकडाचे तुकडे!

तंबूत शिरेपर्यंत बर्फ भुरभुरू लागलं. कागद चुरगळला होता, पण शाबूत होता. लेम्युएलने पेन्सिलीला टोक काढलं.

"खिंड असली तर इथेच असणार. चार रेघा ओढल्या की सुटलो."

"पाहिलीस तू?"

"डोंगराची ठेवणच सांगते ना!"

"एझ्रालाही असंच कुणीतरी सांगितलं होतं."

"अगं, कोरा कोपरा बघून लोक हसतील."

"हसू दे. हसायला जिवंत तरी राहतील."

तो तंबूत येरझाऱ्या घालत राहिला. शेवटी खाली बसला आणि त्या कोपऱ्यात एवढंच लिहिलं: 'पाहिलेले नाही.'

नकाशा तसाच छापला गेला. जानेवारीत नवा डाकवाला क्लीटस सेबलच्या पायथ्याशी पोचला. नकाशा उलगडून त्याने तो काढणाऱ्यांना दोन सणसणीत शिव्या हासडल्या, थैली सावरली आणि नदीकाठची लांबची वाट धरली.

डाक उशिरा पोचली. पण क्लीटसही पोचला!