रकाना सहा

फळ्यावरची रेघ डावीकडून उजवीकडे जाता जाता साधारण दीड सेंटिमीटर खाली उतरली होती. ती दारात थांबून बघत राहिली. शोधत होती मुख्याध्यापिकांची खोली, आणि येऊन थडकली होती सातवीच्या वर्गात.

"रेघ तिरपी आहे," तिच्या तोंडून निघून गेलं.

खडू धरलेला माणूस वळला. बाहीवर लाकडाचा भुसा, खिशातून लोंबणारा, उभी रेघ सरळ आहे का ते पाहायचा पितळी ओळंबा. दोन पावलं मागे जाऊन त्याने एक डोळा मिटून रेघ पाहिली. मग फळ्याच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत लिहिलं – 'रेघ तिरपी काढली' – आणि खाली सही ठोकली.

एकही मूल हसलं नाही. पहिल्या बाकावरची, दोन वेण्यांची मुलगी तिला समजावू लागली, "ज्याची चूक त्यानेच लिहायची. सुधारली की त्यानेच पुसायची. मोठ्यांनीसुद्धा."

"आणि दाखवणाऱ्याचं काय?"

"त्याचे आभार मानायचे," तो म्हणाला. "पण वर्गात पाऊल ठेवायच्या आत चूक काढणारं माणूस... पहिल्यांदाच पाहिलं."

ती शिक्षण कार्यालयातून आली होती. पाचवी ते आठवीसाठी या शाळेचा स्वतःचा जुना अभ्यासक्रम होता. सुतारकाम, पाठांतर, मोठ्यांना हाताने लिहिलेली पत्रं, दर आठवड्याला अंगी बाणवायचा एक सद्गुण आणि हा चुकांचा कोपरा. तो चालू ठेवायचा की बंद करायचा, हे तिच्या अहवालावर ठरणार होतं. पदार्थविज्ञान शिकलेल्या तिला शंकाच होती. खरेपणा काय मोजपट्टीने मोजायचा?

तरी तिने मोजला. तीन महिन्यांत कोपऱ्यात एकशे बारा चुका लिहिल्या गेल्या. त्यातल्या सत्त्याण्णव कुणाच्याही लक्षात आल्या नव्हत्या. मुलांनी आपण होऊन लिहिल्या होत्या. तिने बेरीज दोनदा तपासली. दोन्ही वेळा तीच आली.

मुलं त्याला ओळंबा सर म्हणायची. एकदा कार्यशाळेत ती मुलांनी केलेल्या स्टुलांचे पाय मोजत असताना तो म्हणाला, "तुमच्या तक्त्यात मी कुठे आहे?"

"रकाना सहा. शिक्षकांचं निरीक्षण."

"काय लिहिलंय?"

"गोपनीय असतं."

"बरं की वाईट, एवढं तरी!"

"अक्षर... वाईट."

तो मोठ्याने हसला. त्या संध्याकाळी तक्ते नीट लावताना तिला रकाना सहामध्ये स्वतःच्याच अक्षरात एक नोंद सापडली – 'हसताना डावा डोळा आधी मिटतो.' अभ्यासक्रमाशी या नोंदीचा काय संबंध? तिने ती खोडली. पुढच्या आठवड्यात तिथे 'निळा शर्ट' होता.

"काय गं, त्या ओळंब्याचं काय ठरलं?" ताईने फोनवर विचारलं.

"अहवाल जाईपर्यंत काही नाही."

"आणि मग?"

"मग... बघू."

"तुझं हे 'बघू' ऐकून ऐकून माझे केस पिकले!"

तोही घुटमळत होता. फाटकाशी एकदा म्हणाला, "तुमचा अहवाल गेला की... एक विचारायचंय. आयुष्यभराचं आहे."

"तोवर विचारू नका," ती चटकन म्हणाली. आणि घरापर्यंत तिची पावलं जमिनीला लागली नाहीत.

शेवटचा दिवस. अहवाल तयार, भरभरून अनुकूल. फक्त सही राहिली होती. मुख्याध्यापिका फाइल घेऊन सातवीच्या वर्गात तिच्या शेजारी बसल्या होत्या, तो फळ्याशी उभा होता. एवढ्यात दोन वेण्यांची मुलगी उठली आणि कोपऱ्यात लिहू लागली – 'मॅडमना दिसाव्यात म्हणून मी खोट्या चुका लिहिल्या. चार.'

खडू ठेवताना तिचे कान लाल झाले होते. "एकशे बारामधून चार वजा करा, मॅडम."

एवढीशी पोर! सहीसाठी उघडलेलं पेन मॅडमच्या हातात तसंच राहिलं. मग तिने ते बंद केलं.

"मोठ्या बाई, या अहवालावर मी सही करू शकत नाही."

मुख्याध्यापिकांच्या हातातली फाइल खाली आली. त्याचा चेहरा उतरला.

"आकडे खरे आहेत – चार वजा करून. सगळे तक्ते देते, कार्यालयातलं दुसरं कुणीही तपासू दे. हा अभ्यासक्रम त्या तपासणीत टिकेल, मला खात्री आहे. पण सही तटस्थ माणसाची लागते, आणि..."

ती फळ्याशी गेली. त्याने खडू पुढे केला. बोटांना बोटं लागली, आणि कुणीच घाईने मागे घेतली नाहीत. तिने लिहिलं – 'मी तटस्थ राहिले नाही.' आयुष्यात पहिल्यांदाच तिची ओळ तिरपी गेली.

"कधीपासून?" त्याने हळूच विचारलं.

"दीड सेंटिमीटरपासून."

"पण मॅडम," दोन वेण्या पुढे झुकल्या, "ही चूक सुधारून पुसणार कधी?"

"ही सुधारायची नाही." मग ती त्याच्याकडे वळली, आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुम्ही जे विचारणार होतात ना... त्याचं उत्तर 'हो' आहे."