धाकटीच्या पंखावरचा अंगठा

तो खरं तर चष्म्याच्या दुकानात निघाला होता. पण चष्मेवाल्याचं दार आणि विमानवाल्याचं दार एकाच बोळात, एकमेकांना चिकटून. त्यात पाऊस असा तिरपा लागलेला, की माणूस पाट्या वाचत बसत नाही, दिसेल त्या दारात शिरतो. हा शिरला, केसांतलं पाणी झटकलं, सहज वर पाहिलं... आणि तिथेच खिळला.

छताला दोऱ्यांनी टांगलेली साठ-सत्तर छोटी विमानं वाऱ्यासरशी हळूच डुलत होती. खाली काउंटरमागे ती बसली होती, चिमट्यात मुगाच्या दाण्याएवढं चाक धरून.

"चष्मा शेजारी," ती मान वर न करता म्हणाली. दिवसातून चारदा म्हणावं लागायचं तिला.

"ही इथे कशी?"

आता मात्र तिने मान वर केली. तो एकाच विमानाकडे बघत होता. दोन इंजिनांचं, पोटाला फुगीर, जुन्या वळणाचं मालवाहू विमान. तिच्या हातचं सगळ्यात लाडकं. चार महिने खपली होती त्याच्यामागे.

"मी केलंय ते," ती म्हणाली. आवाजात थोडा तोरा आलाच.

"सुरेख! पण दरवाजा उलटा बसवलाय."

कोपऱ्यातल्या खुर्चीत मामांनी वर्तमानपत्र खाली केलं. दुकान मामांचं, पण गेली सहा वर्षं चालवत होती भाचीच, आणि तिच्या कामात खोट काढणारा माणूस त्या दारातून अजून यायचा होता.

"काय म्हणालात?"

"मालाचा दरवाजा. बिजागऱ्या पुढच्या अंगाला हव्यात, तुम्ही मागे लावल्यात."

"कागदावर तशाच दाखवल्यात."

"असतील. कागद काढणाऱ्याने तिला एकदा पाहिली असेल. मी रोज उघडतो ना."

तो गावाबाहेरच्या धावपट्टीवर मेकॅनिक होता. त्यांच्या शेडमध्ये हेच विमान होतं, चाळीस वर्षांचं. सगळे तिला 'थोरली' म्हणायचे. तो हे सांगत होता आणि ती त्याच्या हातांकडे बघत होती. फावड्यासारखे रुंद हात, नखांच्या कडेला काळं तेल. हे हात रोज त्या विमानाला लागतात... तिच्या अंगावर सर्रकन काटाच आला. दोनशेच्या वर विमानं केली होती बाईसाहेबांनी, पण खऱ्या विमानाच्या जवळ म्हणून कधी गेली नव्हती. आवाज आला की दुकानातून धावत बाहेर यायचं, टाचा उंचावून बघायचं, ठिपका ढगात गेला की परत आत. एवढाच काय तो संबंध.

"मला ही करायचीय," तो म्हणाला. "हिच्या सुट्या भागांचा डबा आहे?"

"आधी किती केलीत?"

"एकही नाही."

"मग नाही मिळणार."

मामांनी कपाळावर हात मारला. "अगं, गिऱ्हाईक आहे ते!"

"म्हणूनच. दीडशे भाग आहेत, मामा. तिसऱ्या दिवशी डबा माळ्यावर जाईल, आणि हे जन्मात परत गोंदाला हात लावणार नाहीत."

तो हसला नाही. ओल्या बाहीने कपाळ पुसून म्हणाला, "महिन्याभराने कापणार आहेत तिला. भंगारात. शेड बंद होतेय, आमची बदली... लांब, दिवसभराच्या प्रवासावर. जाण्याआधी आपल्या हातांनी एक करावी, असं वाटलं."

ती स्टूल ओढून त्यावर चढली आणि फळीवरून एकेक डबा खाली काढू लागली.

"आधी एक नियम. डब्यावरच्या चित्राला भुलायचं नाही. ते स्थळाच्या फोटोसारखं असतं. आत काय निघेल ते उघडल्यावरच कळतं."

"अनुभव दिसतोय."

"विमानांचा," ती ठसक्यात म्हणाली, पण कान लाल झाले. "पहिल्या खेपेला एकच इंजिन. पंख खालच्या अंगाला, म्हणजे सरळ बसतात, टेकूंचं झेंगट नाही. रंग एकच. आणि शेपटीवर टेकणारं घ्यायचं. नाकाखाली चाक असलं की नाकात वजन भरावं लागतं. नवखा माणूस हमखास विसरतो, आणि सगळं झाल्यावर विमान ढुंगणावर बसतं."

"खरं विमानसुद्धा बसतं. मागे जास्त माल भरला की."

"खरंच?" ती स्टुलावरच थांबली.

"एकदा थोरली... नको, सांगतो कधीतरी." आणि तो पहिल्यांदा हसला. बाई गं! त्या हसण्यात काय होतं कोण जाणे, हातातले दोन डबे निसटले, ते त्याने वरच्या वर झेलले.

त्यातला एक होता चाळीस भागांचा. छोटं, एका माणसाचं, गोल नाकाचं विमान. त्याने झाकण उघडलं. चौकटीला लागलेले राखाडी भाग नीट ओळीत होते. पंख, शेपटी, नखाएवढी खुर्ची. त्या अवाढव्य हातांनी त्याने ती चौकट उजेडात धरली आणि कितीतरी वेळ बघत राहिला.

"हिला रिव्हेटसुद्धा आहेत," तो कुजबुजला.

रोज खऱ्या विमानात कोपरापर्यंत हात घालणारा माणूस, आणि टाचणीच्या टोकाएवढे ठिपके बघून त्याचा आवाज खाली आला होता. तिला तो त्या क्षणी आवडला. उगाच आढेवेढे कशाला घ्यायचे, आवडलाच.

"ही धाकटी," त्याने ठरवून टाकलं. "पण शिकवणार कोण?"

"संध्याकाळी सहानंतर मागचं टेबल रिकामं असतं," मामा वर्तमानपत्राआडून म्हणाले. मामांना कुणी विचारलं नव्हतं.

तो दुसऱ्याच दिवशी सहाला पाच कमी असताना हजर. हात घासून घासून धुतलेले, साबणाचा वास सुटलेला. तिने त्याला शिकवलं: भाग चौकटीतून पिळून तोडायचा नाही, कापायचा. कड घासायची. आणि मुख्य म्हणजे, गोंद लावण्याआधी कोरडंच जोडून बघायचं.

"एकदा?"

"तीनदा."

"आणि तीनदा नीट बसलं तर?"

"तर चौथ्यांदा बघायचं. हा गोंद फेविकॉलसारखा नसतो. प्लॅस्टिक वितळवतो. दोन भागांचा एकच होऊन जातो. मग पस्तावून उपयोग नाही."

तिचा सगळा स्वभावच तसा. तिला तीन स्थळं सांगून आली होती. तिन्ही चांगली, तिन्ही तिने इकडून बघितली, तिकडून बघितली आणि ठेवून दिली. मामा म्हणायचे, "आमची भाची कोरडंच जोडून बघण्यात म्हातारी होणार."

पाचव्या संध्याकाळी पंख जोडायची वेळ आली. तिने ब्रशने गोंद सोडला, त्याने पंखाचे वरचा-खालचा असे दोन भाग दाबून धरले. जरा जास्तच दाबले. गोंद फटीतून ओघळून त्याच्या अंगठ्याखाली गेला.

"हलू नकोस!" ती ओरडली आणि दोन्ही हातांनी त्याचं मनगट पकडलं.

बाहेर पागोळ्या टपटपत होत्या. तिला त्याची नाडी बोटांखाली लागत होती. ती मोजणंसुद्धा सुधरेना. हळूहळू तिने त्याचा अंगठा सोडवला. पंखाच्या खालच्या बाजूला, मऊ पडलेल्या प्लॅस्टिकमध्ये, अंगठ्याचा ठसा रेषान् रेषा उमटला होता.

"बिघडलं?" तो लहान तोंड करून म्हणाला.

"वाळलं की पॉलिश पेपरने घासायचं, जातं." तिने मनगट सोडलं. जरा उशिराच सोडलं. "सगळ्या नवख्यांचं होतं असं... तुम्ही काळजी करू नका."

"आत्ता तर 'हलू नकोस' होतं."

"घाईत निघालं."

"मग घाई करत जा की अधूनमधून."

ती उठून पाणी प्यायला गेली. तहान कुणाला लागली होती!

नंतरचे दिवस भराभर गेले. हवा दमट, रंग वाळेना. एक हात दिला की दोन दिवस थांबावं लागे, पण तो रोज यायचा, "वाळला का बघायला." रंग दीड मिनिट बघायचा, आणि दीड तास बसायचा. थोरली एकदा गाजरांची पोती चढवताना शेपटीवर कशी बसली ते त्याने सांगितलं. पहाटे इंजिन गार असताना ती खोकते कशी, मग धूर टाकते आणि सूर लागतो कसा, ते त्याने तोंडाने आवाज काढून दाखवलं. ती हनुवटीला हात लावून ऐकायची. छताकडे बघायची. तिचीच टांगलेली विमानं तिला आता नुसती आकाराची वाटायची. त्यांच्यात आवाज नव्हता, वास नव्हता.

महिना संपायला आठवडा राहिला. धाकटीचा वरचा रंग झाला. चाकं लावायची होती. तिने एक चाक कोरडं बसवून बघितलं, काढलं, पुन्हा बसवलं, पुन्हा काढलं. तो बघत होता.

"किती दिवस कोरडंच जोडून बघणार?"

तो चाकाबद्दल बोलत नव्हता. तिला कळलं, आणि त्यालाही कळलं की तिला कळलं. तिच्या तोंडात उत्तर आलं होतं, अगदी ओठापर्यंत... पण तो जाणार होता. लांब. जोडलं आणि तुटलं तर? वितळून एक झालेलं तुटतं तेव्हा सांध्यावर तुटत नाही, भलतीकडेच तडकतं, हे तिच्याएवढं कुणाला ठाऊक!

"खालचा रंग राहिलाय," ती म्हणाली. "मी देऊन ठेवीन."

त्याने मान हलवली. जाता जाता दारात थांबला. "आता सामान आवरायचंय, यायला जमणार नाही. शुक्रवारी शेवटचा दिवस आहे थोरलीचा. शनिवारी कापायला माणसं येतील. बघायला... याल?"

दार लागल्यावर मामांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "जा. सहा वर्षं मान वर करून बघतेयस. एकदा समोरून बघ."

"आणि दुकान, मामा?"

"तू यायच्या आधीही हे दुकान चालतच होतं. रडतखडत, पण चालत होतं."

शुक्रवारी पाऊस उघडला होता. शेडचं दार त्याने ढकललं, आणि तिला वाटलं आपण चुकून कुठल्या तरी मोठ्या प्राण्याच्या झोपेत आलो आहोत.

केवढी ती! आणि चार महिने जिला तळहातावर वागवलं ती हीच? शेपटी उंच धरून, तीन चाकांवर शांत उभी होती. चाकच तिच्या कमरेच्या वर आलं. तेलाचा, रबराचा, जुन्या पत्र्याचा वास. तिने हात पुढे केला, मागे घेतला.

"लाव ना," तो हळूच म्हणाला.

तिने तळवा पत्र्यावर टेकवला. गार होता. रिव्हेट बोटांना लागले, एकेक, खरेखुरे, मोजता येतील असे. माणसांनी बसवलेले. हे एवढं धूड माणसांनी हातांनी जोडलं, आणि ते उडलं! चाळीस वर्षं उडलं! तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिला लाजसुद्धा वाटली नाही.

"दरवाजा," ती नाक ओढत म्हणाली. "बिजागऱ्या पुढेच आहेत."

"मी काय खोटं बोललो होतो?"

मग तो तिला पंखाखाली घेऊन गेला. टाकीच्या झाकणाभोवती, गळू नये म्हणून भरलेलं जुनं लुकण वाळून दगड झालं होतं. त्यावर त्याने टॉर्च धरला. तिथे एक अंगठा उमटला होता.

"माझा. नोकरीचा पहिला आठवडा. लुकण ओलं होतं, मी दाबून मोकळा. वाटलं, आता उस्ताद हाकलणार. उस्तादांनी बघितलं, म्हणाले, गळत नाहीये ना? मग राहू दे. तू जमिनीवर राहशील, अंगठा तरी उडेल तुझा." तो थांबला. "अकरा वर्षं उडला. उद्या भंगारात."

तो टॉर्च विझवायच्या निमित्ताने तोंड वळवून उभा राहिला.

तिने खांद्यावरच्या पिशवीतून पुठ्ठ्याची पेटी काढली. आत कापसावर धाकटी होती. पूर्ण. चाकं पक्की बसलेली. तिने ती त्याच्या हातावर ठेवली आणि उलटी केली.

पंखाचा खालचा भाग रंगवला होता, पण त्या रंगाखालून अंगठ्याच्या रेषा लख्ख दिसत होत्या.

"हे घासायचं राहिलं वाटतं," तो म्हणाला.

"राहिलं नाही. ठेवलंय."

शेडमध्ये कुठेतरी एक थेंब पत्र्यावर पडला.

काही मुलींच्या पिशवीत कंगवा असतो, काहींच्या आरसा. हिच्या पिशवीत गोंदाची बाटली होती. तिने झाकण उघडलं, दुसऱ्या पंखाखाली ब्रश फिरवला, एकदा, दोनदा, रंग विरघळून खालचं प्लॅस्टिक मऊ होईपर्यंत. दोनशे विमानांत जिने स्वतःच्या बोटाची एक रेघ कधी राहू दिली नव्हती, तिने आपला अंगठा त्यावर टेकवला आणि दाबून धरला. कोरडं जोडून न बघता.

"अगं, बिघडेल!"

"गप्प बस. हलू नकोस."

त्याच्या तळहातावर विमान, विमानावर तिचा अंगठा. त्याने दुसरा हात तिच्या हाताखाली धरला.

"मी परवा जातोय," तो म्हणाला. "तुला माहितीये."

"माहितीये. पुढच्या रविवारी थोरलीचा डबा घेऊन मी येतेय तिकडे. दीडशे भाग आहेत. एकट्याला झेपायचं नाही तुला." तिने श्वास घेतला. "आवडतोस तू मला. झालं, बोलले."

"आणि दरवाजा?"

"तू सांगशील तसा बसवेन."

तो हसला, त्याच्या हसण्याने हातातलं विमान हललं, आणि ती पुन्हा ओरडली. मग बराच वेळ दोघं त्या मोठ्या पंखाच्या सावलीत तसेच उभे होते.

"किती दिवस लागतील ते करायला?" त्याने विचारलं.

"हवा कोरडी असेल तर दोन महिने."

"आणि तिकडची हवा दमट असली तर?"

"तर काही सांगता येत नाही," ती म्हणाली. "वर्षं जातील." आणि तिने अंगठा उचलला.