बेडई आणि दहीसाखर

"बस, यही चार बची हैं," ग्वाल्हेरच्या टोपी बाजारातला हलवाई म्हणाला आणि माझ्या हाताशेजारून आणखी एक हात पुढे आला. कढईच्या वाफेतून आधी धुरकट चष्मा दिसला... मग हसू.

"तुम्ही घ्या ना."

"उपकार नकोत. दोन-दोन घेऊ," मी म्हटलं.

बेडई म्हणजे उडदाच्या डाळीचं सारण भरलेली तिखट, फुगीर पुरी. तो तिथेच उभ्याने खाऊ लागला. मला राहवेना.

"आमचीच हो ही! पुरणपोळीच की. दख्खनहून फौजेबरोबर आली, वाटेत गूळ संपला म्हणून तिखट झाली. आमचे आजोबा सांगायचे."

"कमाल करता तुम्ही! मग तेलात पण आजोबांनीच सोडली का?"

अस्सा राग आला! तरी आमच्या गल्लीपर्यंत, दाणा ओलीपर्यंत, आम्ही भांडत भांडत बरोबरच आलो. हा शरच्चंद्र, सचिवालयातला कारकून, मूळ उज्जैनचा. आमच्या समोरच, सुधाताईंकडे भाड्याने आलेला.

मग रोजच भांडण. आमटीत हिंग कुणाचा, शेवेत लवंग कुणाची... "इंदू, ज्या गावात शिजलं त्या गावचं," तो म्हणायचा. त्याच्या तोंडी माझं नाव ऐकलं की मी हरायलाही तयार असायचे. संध्याकाळच्या धूसर उजेडात त्याची खिडकी उघडायची आणि माझ्या हातातलं निवडण तसंच राहायचं. मला तो आवडला होता. फार आवडला होता. पण तो मात्र बेडईपुढे कधी सरकलाच नाही!

तेवढ्यात मध्य भारत राज्यच मध्य प्रदेशात विलीन झालं. राजधानी भोपाळला, दफ्तरं भोपाळला... आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर शरच्चंद्रही भोपाळला. आमच्या घरी इंदूरच्या स्थळाला होकार कळवायची घाई चाललेली.

तो निघाला त्या सकाळी टांगा दारात उभा होता. सुधाताईंचे हात चकलीच्या पिठाने माखलेले. "इंदू, एवढं दही घाल गं त्याच्या हातावर. म्हणजे सुखरूप जाऊन येईल."

साखर घातलेल्या दह्याची वाटी मी उचलली. त्याच्या तळहातावर दही घातलं. त्याने ते चाटलं, पण पाऊल काही उचललं नाही.

"हे दख्खनचं झालं," तो हळूच म्हणाला. "ग्वाल्हेरचं राहिलं."

आणि त्याने चक्क तोंड उघडलं!

इथल्या रीतीत निघणाऱ्याला दहीसाखर चमच्याने भरवतात. पण ती घरच्या बाईने... आईने, नाहीतर बायकोने. सुधाताईंचा सोऱ्या थांबला. समोरच्या गॅलरीत माझी आई उभी होती.

"तुम्ही... काय विचारताय, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. कितीतरी दिवसांपासून विचारायचं राहून जातंय." त्याने वाटीकडे बोट केलं. "नको असेल तर वाटी खाली ठेवा, इंदू. मी टांग्यात बसतो."

टांग्याच्या घोड्याने मान हलवली, घुंगरू वाजले. मी चमचा भरून पुढे केला, तर अर्धं दही त्याच्या कोटावरच सांडलं. उरलेलं मी त्याला भरवलं.

"आई," मी वर न बघताच हाक मारली, "इंदूरला नकार कळव गं!"

त्याचं तोंड भरलेलं, डोळेही भरलेले. म्हणून मीच बोलले, "लवकर या. बेडई आमचीच आहे, हे अजून कबूल केलेलं नाही तुम्ही."