बाराचेच बोल्ट का?

"आता ड्रिलच मारायचं!" मामाने बोल्ट फिरवायचं रॅचेट गॅरेजच्या बाकावर आपटलं. "आणि ड्रिल सरकलं, तर इंजिन खलास, उद्याची समुद्राची सहल विसरा!"

भिंगरीचं तोंड एवढंसं झालं. गाडीचं पाणी गळत होतं. ते थांबवायला इंजिनावरचं एक झाकण काढायला हवं होतं. पण त्याच्या दोन बोल्टांची षटकोनी डोकी घासून पार गोल झाली होती. तिसऱ्याला तर हात लावायचीच मामाला भीती वाटत होती.

"हल्लीचे बोल्टच भिकार!" आजोबा म्हणाले.

"पण मामा," भिंगरी म्हणाली, "दहा मिलिमीटरचे निघाले, चौदाचे निघाले. कालच्या त्या गाडीतही बाराचेच बिघडले. बाराचेच का?"

"तू शंका काढत बस. मी चहा पिऊन येतो, मग ड्रिल!"

मामा गेल्याबरोबर भिंगरी भावाच्या कानाशी लागली. "भोपळ्या, ड्रिलच्या पेटीवर बसून राहा. काही झालं तरी उठायचं नाही!"

"बसण्यात माझा हात कोण धरणार!"

भिंगरीने डब्यातून बाराचा कोरा बोल्ट काढला आणि त्यावर मामाचं सॉकेट, म्हणजे रॅचेटच्या टोकाला लावायची पोकळ टोपी, बसवलं. लागलं की डुगडुगायला! तिने फडक्याने त्यावरचं ग्रीस पुसलं. बारा कुठले? तिथे कोरलं होतं, १/२!

"अर्धा इंच! म्हणजे बारा पूर्णांक सात मिलिमीटर! आजोबा, हे बाराच्या जागी कसं आलं?"

आजोबांनी डोकं खाजवलं. "परवा मीच सगळी सॉकेटं रॉकेलने धुतली. मग अंदाजाने लहान-मोठी ओळीत लावली. दिसायला जुळी भावंडंच गं ती!"

खरं बाराचं सॉकेट इंचांच्या सॉकेटांच्या पेटीत आरामात पहुडलं होतं.

"ड्रिल कुठंय?" मामा परतला.

"माझ्याखाली! आणि मी उठणार नाही!"

भिंगरीने डुगडुगणारं सॉकेट मामाच्या हातात ठेवलं. त्याने ते फिरवून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "आणि मी बोल्टांना शिव्या घालतोय!"

"पण कोपरे तर गेलेच ना?" आजोबा हळूच म्हणाले.

"थोडं लहान सॉकेट ठोकून बसवलं तर?" भिंगरीने विचारलं. "घट्ट पकडेल ना?"

"अकराचं! आण बघू!"

मामाने गंज सोडवणारं तेल सोडलं, थोडा वेळ मुरू दिलं. मग अकराचं सॉकेट हातोडीने ठोकून रुतवलं आणि रॅचेट हळूहळू ओढलं.

कट्ट!

"सुटला!" भोपळ्या पेटीवरूनच ओरडला. पाठोपाठ दुसराही सुटला.

"शाबास, भिंगरे! इंजिन वाचवलंस बघ!" मामाने रॅचेटला खरं बाराचं सॉकेट लावून ते तिच्या हातात दिलं. "तिसरा तुझा."

"आणि पुढच्या वेळी सॉकेटं आपण दोघं लावू," आजोबा म्हणाले. "मी धुईन, तू वाच."

भिंगरीने श्वास रोखून रॅचेट ओढलं. बोल्ट कुरकुरला, अडला आणि मग निमूटपणे फिरू लागला.